एकशे एकोणऐंशी दिवस

बाई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं होतं. ते जेमतेम आठवडाभर टिकलं.

हे दोन हजार चार सालचं. भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर, साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. साहेब सीए. मी एकोणतीस वर्षांचा, सीएच्या फायनलला दोनदा आपटलेला, तिसऱ्यांदा बसायचं दर सहा महिन्यांनी ठरवणारा आणि दर सहा महिन्यांनी पुढे ढकलणारा. दोन मुली कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या. आमची गिऱ्हाइकं म्हणजे भाईंदरच्या आणि काशीगावच्या गाळ्यांतल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमच्या कंपन्यांत नवरा डायरेक्टर, बायको डायरेक्टर आणि कामगार आठ. स्टीलचे डबे, कुलपं, प्लास्टिकची झाकणं असला माल. पण कायद्याला नवरा-बायको दिसत नाहीत, कंपनी दिसते, आणि तिचं आयकराचं रिटर्न ऑक्टोबरअखेर भरावंच लागतं.

ती रिटर्नं तपासायचं काम माझं. प्रत्येक फाइलीला टाचणीनं एक गुलाबी चिठ्ठी लावायची. सापडलेल्या चुका तिच्यावर लिहायच्या, दुरुस्त झाल्या की खाली 'तपासले' लिहून सही करायची. ती सही दिसली की साहेब आत न बघता आपली सही ठोकायचे. माझ्या आयुष्यात तेव्हा मिरवण्यासारखं एवढंच होतं. रत्नागिरीहून कुणी नातेवाईक मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरी आले आणि "मग, सीए झाला का?" असं विचारलं, की आई पोह्यांची बशी पुढे करत म्हणायची, "त्याच्या सहीशिवाय साहेब सही करत नाहीत." पाहुणे पोह्यांकडे वळायचे.

छोट्या कंपन्यांच्या चुका ठरलेल्या असतात. भरलेला आयकर खर्चात धरून मोकळे होतात. तो खर्च नव्हे, उत्पन्नात परत मिळवावा लागतो. बँकेनं ठेवीच्या व्याजातून कर कापला की जेवढं हातात आलं तेवढंच व्याज म्हणून लिहितात. डायरेक्टरच्या घरचा फोन, त्याच्या मेव्हण्याचं माथेरानचं हॉटेल, सगळं कंपनीच्या माथी. एकतीस मार्चला मशीनची किंमत एक असते आणि एक एप्रिलला भलतीच. मधे काय घडलं ते कुणालाच सांगता येत नाही. सहा वर्षं मी हे पकडत होतो. मागच्या वर्षीची फाइल डावीकडे, या वर्षीची उजवीकडे, हातात लाल पेन्सिल. बेरीज चुकली असेल तर पान उलटतानाच मला दिसायची, आणि याचा मला ताठा होता.

बाई जूनमध्ये आल्या. पन्नाशीच्या, जुन्या भाईंदरच्या, खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या. शिक्षण अकरावी. बावीस वर्षं त्यांनी एका बर्फाच्या कारखान्याचा हिशेब लिहिला होता. कारखाना बंद पडला आणि कुणाच्या तरी ओळखीनं त्या आमच्याकडे आल्या. काठाची सुती साडी, अंबाड्यात अबोली, चष्मा दोरीनं गळ्यात. साहेबांनी त्यांना माझ्या शेजारचं टेबल दिलं. मी त्यांना कुठली फाइल कशी लावायची ते दाखवलं, चहा मागवला, आणि मोठेपणानं म्हणालो, "काही अडलं तर विचारा हं, बाई."

आठव्या दिवशी त्यांना अडलं. माझी सही झालेली एक फाइल त्या नुसती क्रमानं लावत होत्या. त्या कंपनीनं तीस मार्चला टेंपो घेतला होता. मशीन किंवा गाडी वापरून झिजते, त्या झिजेबद्दल उत्पन्नातून वजावट मिळते. तिला घसारा म्हणतात. वर्षात निदान एकशे ऐंशी दिवस वापर झाला तर पूर्ण घसारा, एक दिवस जरी कमी पडला तरी अर्धा. टेंपोचे दोनच दिवस, म्हणून मी अर्धा धरला होता. माझ्या मते काम चोख होतं.

"दादा, याचं पासिंग कवा झालं?" बाईंनी विचारलं.

"कसलं पासिंग?"

"टेंपोचं. नंबर पडल्याशिवाय टेंपो रस्त्यावर कसा येल?"

आरसी बुकाची झेरॉक्स फाइलीतच होती. पासिंग सात एप्रिलचं. म्हणजे त्या वर्षात टेंपो एक दिवसही चालला नव्हता आणि अर्धा तर सोडाच, एका पैशाचाही घसारा मिळत नव्हता. ती झेरॉक्स मी पाहिली होती. तिच्यावरचा चासी नंबर बिलाशी ताडून लाल टिकही मारली होती. तारीख तेवढी वाचली नव्हती.

साहेब खूश झाले. "बाई, तुम्ही तर आमच्या तपासनिसालाच तपासलंत!" मुली हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. आणि त्या दिवसापासून मनातल्या मनात मी बाईंना एकेरीत बोलायला लागलो.

ती मागच्या वर्षीची फाइल उघडतच नसे. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "मागची फाइल बघितली ना दादा, की मागची चूक पण खरी वाटाया लागते." एक कोरा कागद घ्यायची, फाइलीतल्या सगळ्या तारखा एकाखाली एक उतरवायची. बिल कधीचं, माल कधी पोचला, पैसे कधी गेले, लाइटचं मीटर कधी बदललं. मग चष्मा लावून तो कागद गोष्ट वाचावी तसा वाचायची आणि मधेच कुठंतरी बोट ठेवायची. "हे बघा. मीटर डिसेंबरात, आणि मशीन ऑगस्टपासून चालतंय म्हनं." गिऱ्हाइकाला फोन लावला की तिकडून ततपप सुरू व्हायचं. मी सहा वर्षं आकड्यांकडे डोळे लावून बसलो होतो आणि ही बया चार आठवड्यांत तारखांवरून माणसं पकडत होती. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरं म्हणजे मला तिची पद्धत पटली होती. म्हणून तर जास्त राग होता. पद्धत फालतू असती तर मी तिला माफ केलं असतं.

जुलै संपता संपता साहेबांनी तिलाही चिठ्ठीवर सही करायचा अधिकार दिला. मी दोन अक्षरांत उरकायचो. ती पूर्ण नाव लिहायची, आडनावासकट, वहीवर धडा लिहावा तसं. चिठ्ठी एवढीशी, आडनाव मावायचं नाही, ते कडेनं खाली उतरायचं. पहिली सही केली त्या दिवशी ती चिठ्ठी तिनं बराच वेळ हातात धरली होती. बावीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात हिशेब तिनं लिहिला आणि खाली सही मॅनेजरनं केली, हे तिनंच मुलींना सांगितलं. मला तेव्हा त्यात नाटक दिसलं.

दुपारच्या डब्याचंही मला लागायचं. तिचा डबा उघडला की सुक्या बोंबलाचा वास ऑफिसभर. दोन्ही मुली खुर्च्या ओढून तिच्याकडे. एखादं जैन गिऱ्हाईक जिना चढताना दिसलं की साहेब केबिनमधून ओरडायचे, "बाई, झाकण!" आणि सगळे खिदळायचे. माझ्या भेंडीसाठी कुणी कधी ओरडलं नाही. ती न चुकता माझ्या डब्याच्या झाकणात दोन तुकडे ठेवायची. "खावा दादा, तुमी पण कोकणातलेच ना." बोंबील झकास असायचे. मी ते खायचो आणि खाताना मनात चरफडायचो.

मी मोजदाद सुरू केली. ऑगस्टमध्ये माझ्या फाइलींवर तिनं काढलेल्या चुका सात. तिच्या फाइलींवर मी काढलेली एक, आणि त्या एकीत शेवटी मीच चुकलो होतो.

गणपतीत साहेबांनी सांगितलं, दिवाळीनंतर मीरा रोडला दुसरं ऑफिस काढायचं. गाळा पाहून ठेवलाय, तिथं तपासणीला एक माणूस स्वतंत्र बसेल, त्याला केबिन असेल. सिल्व्हर पार्कपासून तो गाळा चालत दहा मिनिटं. मी घरी सांगितलं, आणि आईनं संध्याकाळच्या आत अख्ख्या मजल्याला. शेजारच्या काकूंना दारात उभी राहून सांगत होती, "बेटे को केबिन मिलनेवाली है, दिवाली के बाद." मी आतून ऐकत होतो आणि तिला थांबवत नव्हतो. मला ती केबिन हवी होती. आयुष्यात तोवर कुठलीही गोष्ट मला इतकी हवी झाली नव्हती, फायनलचा निकालसुद्धा नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. दार लावून घेतलं. अर्धा तास. बाहेर आली ती हसत, आणि टेबलाशी बसून चष्मा पुसत राहिली. संपलं, मला वाटलं. केबिन हिला. अकरावी शिकलेली बाई आत बसणार आणि मी बाहेर टेबलावर तिच्या चिठ्ठ्यांची उत्तरं देणार. काकू आईला विचारणार, क्या हुआ केबिन का.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला काशीगावला एका कारखान्यात पाठवलं. स्टीलचे डबे करणारी कंपनी. कर्जाच्या कागदांवर शेठची सही हवी होती. शेठ बाहेर गेले होते. मुनीम म्हणाला, बसा. कारखान्याच्या कोपऱ्यात प्लायवूडनं आडोसा केलेलं ऑफिस, त्यात पाहुण्याला एकच खुर्ची आणि खुर्चीसमोर भिंतीवर एकच फोटो, फ्रेममध्ये. तासभर मी तो फोटो बघत बसलो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. नवीन पॉवर प्रेस, झेंडूचा हार, पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक, फोडलेला नारळ, आणि शेठ-शेठाणीनं मिळून हिरव्या बटणावर ठेवलेला हात. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं आपोआप छापलेली केशरी तारीख. पाच ऑक्टोबर, आदल्या वर्षीची. दसरा. मुनीमानं चहा दिला, शेठ आले, सही झाली, मी परतलो. त्या कंपनीचं रिटर्न बाईंकडे होतं, त्यामुळे मी त्या तारखेचा विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ती फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. हातात त्यांचा तारखांचा कागद. प्रेसचं बिल चोवीस सप्टेंबरचं. पण मशीन आलं म्हणजे चालू झालं असं नाही, हे त्या मला जूनपासून शिकवत आल्या होत्या. त्यांनी कारखान्यात फोन करून विचारलं होतं. मुनीम म्हणाला होता, दशेरे की पूजा में चालू किया. कागदावर बाईंनी लिहिलं होतं: 'खंडेनवमी, ४ ऑक्टोबर.' खाली महिन्यांचे दिवस मांडले होते. अठ्ठावीस, तीस, एकतीस, एकतीस, एकोणतीस, एकतीस. बेरीज बरोब्बर एकशे ऐंशी. पूर्ण घसारा.

एकोणतीसला त्यांनी गोल केला होता. त्या वर्षी फेब्रुवारी लीप वर्षाचा होता आणि त्यांनी तो एक दिवस धरला होता. माझ्या हातून तो नक्की सुटला असता.

"हत्यारांची पूजा म्हंजे नवमीलाच," बाई म्हणाल्या. "आमच्यात जाळी, कोयते, समदं नवमीलाच पुजतात. पन दिवस काठावर हाय, म्हणून विचारते. तुमी काल तिथंच होताव ना? त्यांची पूजा नवमीचीच ना?"

मला उत्तर माहीत होतं. पाच तारखेपासून मोजलं तर एकशे एकोणऐंशी. एक दिवस कमी, म्हणजे अर्धा घसारा. इतक्या सुरेख मांडलेल्या त्या कागदावर एकच चूक होती, आणि ती चूक फाइलीत नव्हती, तिच्या घरच्या रितीत होती. आमच्या घरी विळी-कोयती दसऱ्याला पुजतात. तिच्या घरी नवमीला. शेठच्या घरी काय, ते भिंतीवर टांगलेलं होतं, आणि ते पाहिलेला माणूस आमच्या ऑफिसात मी एकटाच होतो.

विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. वेळ होता. बाई उभ्या होत्या, घाई करत नव्हत्या. मी पेन्सिलीला टोक करत होतो, ते मी पूर्ण केलं.

"हो," मी म्हणालो. "नवमीचीच."

"मंग झालं," असं म्हणून बाई आपल्या जागी गेल्या आणि त्यांनी ते लांबलचक नाव चिठ्ठीवर लिहिलं.

चार दिवसांत ते रिटर्न ठाण्याला जाऊन भरलं गेलं. मी स्वतःला समजावलं की खोटं मी बोललोच नाही, तिचंच वाक्य तिला परत दिलं. आणि योग्य वेळ बघायला लागलो. साहेब केबिनचा निर्णय जाहीर करायच्या आधी, सहज आठवल्यासारखं म्हणायचं: साहेब, त्या प्रेसचं एकदा बघा हं, मला वाटतं दसऱ्याला चालू झालंय. वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. झोप मला चांगली लागत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लागत होती. बोंबीलही मी खात होतो.

ते वाक्य म्हणायची वेळच आली नाही. दसऱ्याला शेठनी साहेबांना पूजेला बोलावलं आणि साहेब आम्हा दोघांना गाडीतून काशीगावला घेऊन गेले. कारखाना धुऊन पुसून लख्ख, प्रत्येक मशीनला हार, कामगार नव्या शर्टांत. पूजा झाली, पेढे झाले. मग शेठ साहेबांना त्या आडोशात घेऊन गेले आणि एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. मी आणि बाई दारात उभे. खुर्चीवर बसल्यावर जे समोर येतं तेच साहेबांच्या समोर आलं.

"यही प्रेस है, साहब," शेठ कौतुकानं म्हणाले. "पिछले दशेरे को इसी टाइम बटन दबाया था."

साहेबांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "दशेरे को? नवमी को नहीं?"

"नवमी को हम लोग कुछ चालू नहीं करते, साहब. मुहूरत दशेरे का ही." मग शेठना मी दिसलो. "ये भाई को पूछो ना. उस दिन घंटाभर यहीं बैठे थे, बेचारे, मेरी राह देखते."

साहेब फोटोच्या कोपऱ्यातली तारीख बघत बोटांवर मोजत होते. शेठचं बोलणं त्यांनी नीट ऐकलंही नसावं. बाईंनी ऐकलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. खुर्चीतून फोटोपर्यंत हात पोचेल एवढंच अंतर होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसतं बघत होत्या, तारखांचा कागद वाचताना बघायच्या तसं, आणि मला कळलं की मी त्यांना सापडलोय.

"बाई?" साहेबांनी विचारलं.

"माझी चूक, साहेब," बाई म्हणाल्या. "आमच्यात नवमीला करतात. मी तसंच धरलं."

"कुणाला विचारलं नाहीत?"

आता त्या बोलणार. बोलल्या असत्या तर मी काय केलं असतं ते मला आजही ठाऊक नाही. बहुतेक नाकबूल केलं असतं.

"मुनीमजींना विचारलं व्हतं," बाई म्हणाल्या. "दिवस नीट विचारला न्हाय."

नुकसान तसं फार झालं नाही. सुधारित रिटर्न भरलं, थोडा कर जास्त गेला, शेठनी त्यावर एक शब्द काढला नाही. पण साहेबांचा एक नियम होता: अंदाजानं सही करायची नाही. चूक चालेल, अंदाज नाही. सोमवारी त्यांनी बाईंना सांगितलं, तपासणी तुम्हीच करा, तुमच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमत नाही, पण यापुढे चिठ्ठीवर सही दुसऱ्यानं करायची. बाई "बरं साहेब" म्हणाल्या. पेनाला टोपण लावून ते खणात ठेवलं आणि पुढची फाइल ओढली.

मग साहेबांनी मला आत बोलावलं. "मीरा रोडला तू जातोयस ना?" त्यांनी विचारलं, जणू हे आधीच ठरलेलं होतं.

मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही बाईंना..."

"अरे, त्यांना गणपतीतच विचारलं होतं. नाही म्हणाल्या. घराजवळ बरं म्हणाल्या, केबिन-बिबिन नको, इथं सही करायला मिळतेय तेवढं पुरे." साहेब हसले. "तुझंच नाव सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, दादांना पाठवा, नजर चांगली हाय, तारखा तेवढ्या बघत न्हाईत, त्या मी शिकवते."

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. म्हणजे त्या दिवशी दाराआड अर्धा तास माझंच काम चाललं होतं, आणि हसत बाहेर आलेली ती बाई माझ्यासाठी हसत होती. केबिन तेव्हाच माझी झाली होती. तिला जे हवं होतं ते तळहाताएवढ्या गुलाबी कागदावर मावत होतं, नव्हे, मावत नव्हतं, तरी ती ते मावून घेत होती, आणि मी ते तिच्या हातून काढून घेतलं होतं. मला त्याचा काही उपयोगही नव्हता. त्याच क्षणी आत जाऊन साहेबांना सगळं सांगायचं असतं. मी गेलो नाही. दिवाळी झाली, गाळ्याची पूजा झाली, आई नवी साडी नेसून केबिन बघायला आली आणि तिनं खुर्चीवर बसून पाहिलं.

बाईंनी तपासलेली फाइल सहीसाठी मीरा रोडला माझ्याकडे यायची. आत चूक शोधून सापडायची नाही. मी माझी दोन अक्षरं ओढून ती परत पाठवायचो. मी भाईंदरला गेलो की त्या पूर्वीसारखंच बोलायच्या, आईची चौकशी करायच्या, माझ्या झाकणात बोंबील ठेवायच्या. बदललं ते एवढंच, की कामाचं काही विचारायचं असलं तर बाई मला तोंडी विचारत नसत. शेजारी बसलेलो असलो तरी चिठ्ठी लिहायच्या. 'माल कारखान्यात कधी पोचला? आपण स्वतः पाहिले का? उत्तर लिहून खाली सही करावी.' आणि ती चिठ्ठी टाचणीनं फाइलीला लावून ठेवायच्या. साहेबांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्यांना लागू केली. ती कुणामुळे सुरू झाली हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

तीन वर्षांनी बाईंनी काम सोडलं. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात एका फाइलीची घाई होती, शिपाई ती घेऊन निघायच्या बेतात होता, आणि मी मीरा रोडहून फोन करून सांगितलं, "बाई, ते बिल जूनचंच आहे. मी स्वतः पाहिलंय. घ्या करून."

पलीकडे बाईंनी शिपायाला थांबवलेलं ऐकू आलं.

"लिहून पाठवा, दादा," बाई म्हणाल्या.

मी लिहून पाठवलं. खाली सही केली.